भाजी निवडून ठेवली की खाल्ली जाते: इंदूरच्या घरात रोज फळं-भाज्या खाण्याची आमची पद्धत

मागच्या थंडीतली गोष्ट. एका शनिवारी रात्री मी ओल्या कचऱ्याच्या डब्यात मेथीची अख्खी जुडी टाकली, पिवळी पडलेली, दोरासुद्धा न सोडलेली. आणि त्याच आठवड्यात आमच्याकडे दोनदा सेव-टमाटर झालं होतं, दोनदा बटाटा, एकदा बाहेरून मागवलेलं काहीतरी. म्हणजे बघा, भाजी घरात होती, ताजी बघून आणलेली, आणि आम्ही पाच माणसं ती फ्रिजमध्ये ठेवून बटाटा खात होतो. फार वाईट वाटलं मला. मग विचार करता करता कळलं की आमच्या घरी भाजी कोणाला आवडत नाही असं मुळीच नाहीये, मेथीची पीठ पेरून भाजी केली की कढई पुसून खातात, पण संध्याकाळी सात वाजता ऑफिसमधून आल्यावर जुडी सोडून निवडायला कोणाच्या अंगात त्राण नसतं. निवडलेली असती तर झाली असती. तेव्हापासून घरातलं सगळं ह्याच एका गोष्टीभोवती लावलंय आणि खूप फरक पडलाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी किती खायचं ते बघू, कारण आपला अंदाज फार चुकतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराच्या गाइडलाइन्स काढल्या, त्यात २००० कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात साधारण ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितलीयेत. जागतिक आरोग्य संघटना फळं-भाज्या मिळून निदान ४०० ग्रॅम म्हणते, आणि त्यात बटाटा, रताळं असले पिठूळ कंद धरत नाहीत. म्हणजे आपला थंडीतला सराफ्यातला (इंदूरचा रात्रीचा खाऊबाजार) गराडू, तो तळलेला कंद, पण नाही. गराडू मी पण खाते, लिंबू आणि जीरावन (आपला इंदुरी चटपटीत मसाला) टाकलेला गरम गरम, तो खावाच, पण भाजीच्या हिशोबात धरू नका. आता पाच माणसांचं घर म्हणजे रोज दोन किलो भाजी आणि अर्धा किलो फळं. मुलांचं थोडं कमी धरलं तरी आठवड्याला बारा-तेरा किलो भाजी होते. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा आमच्याकडे आठवड्याला जेमतेम पाच किलो येत होती आणि त्यातही दीड-दोन किलो बटाटाच.

एकदम बारा किलोवर उडी मारू नका हं. आम्ही आधी सात केली, मग नऊ, मग हळूहळू वाढली. जितकी निवडून होईल तितकीच आणायची, हा नियम.

खरेदी आठवड्यातून दोनदा. रविवारी सकाळी मंडीत, आम्ही कधी राजकुमार मंडीत जातो, कधी दोन-तीन घरं मिळून चोइथरामला. चोइथरामला भाव छान मिळतो पण माल धडीच्या हिशोबाने घ्यावा लागतो, म्हणजे पाच-पाच किलो, म्हणून शेजारीपाजारी वाटून घेतलं तरच परवडतं. तिथून टिकणारी भाजी आणायची, कोबी, फुलकोबी, गाजर, दुधी, लाल भोपळा, बालोर (वालाच्या शेंगा), गवार, सुरजन्याच्या म्हणजे शेवग्याच्या शेंगा. पालेभाजी मंडीतून एकच जुडी, कारण ती दोन दिवसांत खायचीये. मग बुधवारी दारावर ठेला येतो त्या भैयाकडून पुन्हा पालेभाजी, धनिया म्हणजे कोथिंबीर, काकडी, टमाटर. तो थोडे पैसे जास्त घेतो पण सकाळचा माल असतो आणि दोनच जुड्या घेतल्या तरी चिडत नाही.

आता मुख्य काम, निवडणं. आणल्या दिवशीच करायचं. उद्यावर टाकलं की गेलं समजा. आमच्याकडे रविवारी दुपारच्या चहानंतर हॉलमध्ये चादर पसरून सगळे बसतात, सासूबाई मेथी-पालक घेतात कारण त्यांचा हात सगळ्यात साफ आहे, हे गवार-बालोरच्या शिरा काढतात, मुलं बटले सोलतात (मटारला इथे इंदुरात बटला म्हणतात, बाहेरच्या मराठी लोकांना सांगायला हवं) आणि मी कोबी, गाजर, भोपळ्याचं बघते. पाऊण तास लागतो. आधी मी हे सगळं एकटी रात्री दहा वाजता ओट्याशी उभी राहून करायची आणि म्हणूनच ते व्हायचं नाही. सगळ्यांनी मिळून केलं तरच ही पद्धत चालते, एकट्या बाईवर टाकली तर महिनाभरात बंद पडेल, हे मी अगदी मनापासून सांगतेय.

पालेभाजी निवडून ठेवायची पण धुवायची नाही, ओली राहिली की सडते. पानं आणि कोवळे देठ कोरड्या मलमलच्या कापडात सैलसर गुंडाळून डब्यात ठेवा, तीन-चार दिवस मस्त राहते. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाईत नको ती रसायनं असतात. धनियाच्या काड्या ग्लासभर पाण्यात उभ्या ठेवून वरून पिशवी घातली की आठवडा निघतो. गवार, बालोर, फरसबी मोडून कोरडी डब्यात. फुलकोबीचे तुरे मोठे मोठे काढून ठेवायचे. लाल भोपळा कापला की आधी बिया आणि आतला गाभा काढा, तिथूनच तो खराब व्हायला लागतो. गाजर, मुळा यांचा पाला लगेच कापून वेगळा करा नाहीतर तो गाजरातलं पाणी ओढून घेतो आणि गाजर लुळं पडतं. मुळ्याचा पाला फेकू नका, मूगडाळ घालून त्याची भाजी होते.

आता कोणी म्हणेल की आधी कापून ठेवलं की जीवनसत्त्व जातात. खरंय, क जीवनसत्त्व हवेने, पाण्याने, उष्णतेने कमी होतंच, म्हणून बारीक चिरून कधीच ठेवायचं नाही, निवडून आणि मोठे तुकडे करून ठेवायचं, चिरायचं करताना. पण थोडं क जीवनसत्त्व गेलेली भाजी पोटात जाणं हे सगळी जीवनसत्त्वं असलेली जुडी कचऱ्याच्या गाडीत जाण्यापेक्षा लाख पटीने बरं. ह्यावर माझं मत पक्कं आहे.

कच्चं आधी वाढायचं. पोळ्या व्हायच्या आधी, सगळे भुकेने स्वयंपाकघरात चकरा मारत असतात ना, तेव्हा कोशिंबिरीचं पातेलं टेबलावर ठेवायचं. त्या दहा मिनिटांत जे समोर असेल ते खाल्लं जातं. पूर्वी त्या वेळी आमच्याकडे सेवेचा डबा उघडायचा. आता ताटात कोशिंबीर म्हणून डावीकडे चमचाभर वाढतो तशी नको, वाटीभर हवी. आणि आपल्याकडे केवढे प्रकार आहेत, आपणच विसरलोय. मेथीची पचडी करून बघा, कोवळी मेथी कच्चीच बारीक चिरायची, त्यात कांदा, टमाटर, शेंगदाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर गूळ आणि वरून हिंग-मोहरीची चुरचुरीत फोडणी. मेथीचा कडूपणा कूट आणि गुळाने अगदी मवाळ होतो. कोबीत दोन तास भिजवलेली मूगडाळ, ओलं खोबरं, लिंबू. गाजराचा कीस तसाच. लाल भोपळा वाफवून कुस्करून दह्यात घालून वरून मिरची-जिऱ्याची फोडणी, ह्या भरिताला मुलं अजिबात नाही म्हणत नाहीत कारण गोडसर लागतं. मुळा किसून दह्यात. खमंग काकडी तर सगळ्यांनाच येते.

ही फोडणी नुसती चवीची नाही. गाजर, भोपळा, पालेभाज्या ह्यांच्यातलं कॅरोटीन, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, ते तेला-तुपाबरोबरच नीट अंगी लागतं. म्हणजे आजी जे चमचाभर तेल कडकडून ओतायची ते बरोबरच होतं. फक्त चमचाभरच, पळीभर नको. आणि पालेभाजीवर लिंबू पिळा, भाजीतलं लोह क जीवनसत्त्वाबरोबर जास्त शोषलं जातं. चहाने उलटं होतं, चहातलं टॅनिन लोह अडवतं. आता इंदुरात पोह्यांवर चहा नाही असं कसं चालेल, पण आम्ही पोहे लिंबू पिळून खातो आणि चहा तासाभराने घेतो. पहिले चार-पाच दिवस जड गेलं, नंतर सवय झाली.

पोह्यांवरून आठवलं. सकाळचा नाश्ता ही भाजी ढकलायची सगळ्यात सोपी जागा आहे आणि आपण ती वाया घालवतो. आपल्या इंदुरी पोह्यांत कांदा, धनिया, वरून डाळिंबाचे दाणे असतातच, त्यातच थंडीत मूठभर बटला आणि किसलेलं गाजर जाऊ द्या, उन्हाळ्यात बारीक चिरलेली सिमला मिरची, वर सेव पण टाका, फक्त चिमूटभर. थालीपिठात दुधी नाहीतर कोबी किसून, पाणी न घालता भाजीच्या पाण्यातच पीठ मळायचं. उपमा असेल तर रव्याइतक्याच भाज्या, मी वाटीला वाटी मोजून घेते. रोज काय करायचं हा विचार सकाळी करायचाच नाही, रविवारी निवडताना कोणता डबा कोणत्या दिवशी ते ठरतं.

फळांचं गणित वेगळं आहे, ती निवडावी लागत नाहीत, ती दिसावी लागतात. फ्रिजच्या खालच्या खणात ठेवलेलं फळ मरतं. आम्ही टेबलावर टोपली ठेवली, केळी, जाम (पेरूला इथे जाम म्हणतात), संत्री त्यात, आणि पपई-खरबूज सोलून-कापून झाकणाच्या काचेच्या डब्यात फ्रिजमध्ये डोळ्यांच्या उंचीवर, दिवसभरात संपेल तेवढंच. संध्याकाळी पाचला चहाबरोबर नमकीनचा डबा निघायच्या आधी ताटलीत फळ येतं. महागडं किवी, ब्लूबेरी काही लागत नाही हो. आपला जाम, त्यात संत्र्याच्या जवळजवळ चौपट क जीवनसत्त्व असतं आणि थंडीत तो ठेल्याठेल्यावर मिळतो. बऱ्हाणपूरची केळी, निमाडातली पपई, आगर-शाजापूरकडची संत्री, मांडू-धारकडची सीताफळं, सगळं इथलंच, जवळून येतं म्हणून ताजं आणि बेताच्या भावात. खूप पिकलेला जाम उरला की त्याची कोशिंबीर करा, बिया काढून दही, मिरची, थोडं कूट. नाहीतर गूळ-लाल तिखट घालून भाजी, पोळीबरोबर अप्रतिम लागते.

ज्यूस मात्र शक्यतो नको. चार संत्र्यांचा रस एका मिनिटात पिऊन होतो, चोथा गाळणीत राहतो आणि साखर तेवढी रक्तात पटकन चढते. फळ चावून खाल्लं की पोट भरतं. दुधीचा रस सकाळी घेणारे बरेच आहेत आपल्याकडे, त्यांना एक सांगायचंय, दुधीचा तुकडा आधी जिभेवर ठेवून बघा, कडू लागला तर अख्खा दुधी टाकून द्या. कडू दुधीत विषारी द्रव्य असतं, शिजवूनही जात नाही, आणि लोकांना त्याने खरोखर हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलंय. काकडीचंही तसंच, फार कडू असेल तर नको.

मोसमाप्रमाणे खाल्लं की कंटाळा येत नाही, आणि आपल्या मराठी घरांना तर सणांनीच शिकवून ठेवलंय. भोगीला लेकुरवाळी भाजी, गाजर, वांगं, बालोर, बटला, ओले हरभरे म्हणजे इथले हरे छोड, वर तीळ, बोरं. एका कढईत सात-आठ भाज्या! वर्षातून एकदाच का करतो आपण ती? थंडीभर दर रविवारी करा. ऋषीपंचमीची भाजी तशीच, पावसाळ्यातल्या भाज्यांची. चैत्रात आंब्याची डाळ आणि पन्हं. कार्तिकात आवळा, तो तर क जीवनसत्त्वाचा राजा, किसून मीठ-मिरची लावून पानात वाढा. होळकरांबरोबर माळव्यात आलेल्या घरांनी हे सगळं इथल्या मंडीतल्या भाजीवर जुळवून घेतलं, आपण निदान ते चालू तरी ठेवू.

उन्हाळ्यात पालेभाजी कमी मिळते तेव्हा गिलकी (घोसाळी), दुधी, काकडी, खरबूज, कैरी. मे महिन्यात ती पिवळी पिवळी खिरनी येते ना, आठवडे मोजकेच असतात, मुलांना नक्की खायला घाला, कितीतरी मुलांनी ती चाखलेलीच नाही. मग जांभळं. पावसाळ्यात किंकोडे, आपली कर्टुली, आणि रतलाम-झाबुआकडून येणारी ती जाडजूड बालम ककडी, तिच्या फोडी करून चिमूटभर जीरावन. जीरावनात मीठ असतं म्हणून बीपीवाल्यांनी नुसतं लिंबू. आंबे मंडीतून थोडे कच्चे घ्यावेत आणि घरी तांदळाच्या डब्यात किंवा पेंढ्यात पिकवावेत, कारण कार्बाइडने फळं पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी असली तरी आपल्या हातातला आंबा कसा पिकवलाय ते नुसतं बघून सांगता येत नाही.

थंडीत बटला स्वस्त झाला की एक धडी घेऊन सोला, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच थंडगार पाण्यात, निथळून कापडावर कोरडा करून पिशव्या भरून डीप फ्रीजरमध्ये. उन्हाळ्यापर्यंत पुरतो, आणि ज्या दिवशी घरात काहीच निवडलेलं नसतं त्या दिवशी सेव-टमाटरच्या जागी हाच कामाला येतो.

धुण्याचं थोडक्यात. कापायच्या आधी धुवा, नंतर नाही. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून. पालेभाजी भरपूर पाण्यात तीनदा बुडवून वर उचला, पाणी ओतू नका, माती खाली बसू द्या. फुलकोबी मिठाच्या कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटं. साबण कधीच नाही. पावसाळ्यात पालेभाजी कच्ची खायचं आम्ही टाळतो, शिजवूनच.

शिजवताना पाणी कमी, झाकण ठेवून, आणि हिरवा रंग यावा म्हणून खायचा सोडा घालू नका, त्याने जीवनसत्त्वं मरतात. उकडलेलं पाणी आमटीत. सुरजन्याचा कोवळा पाला मिळाला तर सोडू नका, मूगडाळ घालून परतला की छान होतो. पालकात कॅल्शियम आहे पण त्यातल्या ऑक्झलेटमुळे ते फारसं लागू पडत नाही, म्हणून नेहमी पालकच नको, मेथी, सुरजना, मुळ्याचा पाला असं फिरवत राहायचं. गिलकीची सालं कोवळी असतील तर आणि दोडक्याच्या शिरा तर नक्कीच, तीळ आणि सुकं खोबरं घालून खरपूस परतून चटणी करा. आमच्या सासूबाईंची ही चटणी भाजीच्या आधी संपते.

मुलांबद्दल. जबरदस्तीने काही होत नाही हे मी करून बघितलंय, रडारड झाली आणि माझा धाकटा वर्षभर दुधीकडे बघेना. नवीन भाजी आवडायला मुलांना ती आठ-दहा वेळा तरी समोर यावी लागते, तेव्हा एक चमचा वाढायचा, आग्रह नाही, बोलणं नाही, आपण मात्र चवीने खायची. आणि जे मूल स्वतः सोलतं ते खातं. बटले सोलताना अर्धे तोंडात जातात, जाऊ द्या, तेच तर हवंय. मंडीत गेल्यावर एक भाजी त्याने निवडायची, कुठलीही. माझ्या धाकट्याने किंकोडे निवडले होते फक्त काटेरी दिसतात म्हणून, आज त्याला ते सगळ्यात आवडतात.

म्हाताऱ्या माणसांना दातांमुळे कच्चं जमत नाही, म्हणून सासूबाईंची कोशिंबीर किसून, वाफवून, आणि फळांत पिकली पपई, केळं, शिजवलेलं सफरचंद. शुगर असलेल्यांनी फळं सोडू नयेत पण किती आणि कोणती ते डॉक्टरांना विचारून, रस मात्र नकोच. किडनीचा त्रास असेल तर पोटॅशियममुळे बरीच फळं-भाज्या मोजून खाव्या लागतात, आणि रक्त पातळ करायची वॉरफरिनसारखी गोळी चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका किंवा एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांशी बोला.

शेवटचं काम शनिवारी रात्रीचं. ओल्या कचऱ्याचा डबा उघडून बघायचा. आपल्याकडे कचरा वेगळा करायची सवय सगळ्यांना लागलेलीच आहे, इंदूरच्या देवगुराडियाला ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा बायो-सीएनजी प्लांट आहे, २०२२ च्या फेब्रुवारीत सुरू झाला तेव्हा त्यात रोज ५५० टन ओला कचरा घ्यायची सोय होती, तिथे आपली सालं, देठं जातात ते ठीकच आहे. पण डब्यात सालांऐवजी अख्खी भाजी दिसली, सुकलेली गवार, काळी पडलेली केळी, तर ते कागदावर लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी मंडीत तो कागद बरोबर न्या. ती भाजी त्या आठवड्यात पाव किलोच घ्यायची. आमच्या कागदावर मागच्या शनिवारी फक्त अर्धी मुळ्याची जुडी होती.